मामेच्या अंगावरचा ब्लाउज

केप कोस्ट
१४ फेब्रुवारी २०१७

अराबा,

मुद्दाम पत्र लिहिते आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि एबोला फोन केला तर माझा सख्खा भाऊ असून तो म्हणतो, "सिस्टर डॉर्कस, गाडी चालवतोय, नंतर बोलू." काल दुपारपासून तो गाडीच चालवतोय. हे पाकीट अक्राच्या ट्रोट्रो बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. त्याला सांगितलंय, बाईच्या हातातच द्यायचं. मिळालं नाही म्हणायची सोय तुला ठेवलेली नाही.

काल मधल्या सुट्टीत आमच्या भूगोलाच्या मास्तरांनी वर्तमानपत्र उघडलं आणि आतल्या पानावर माझी आई! अर्ध्या पानाची! उघडे खांदे, छातीवर कसंबसं गुंडाळलेलं कापड, मासे भाजायच्या भट्टीपुढे स्टुलावर बसलेली, डोळ्यांतून पाणी गळतंय, खालचे दात पडलेले, आणि एवढं असून हसतेय. खाली तुझं नाव, आणि अक्रातल्या गॅलरीत हे चित्र बघायला लोक कशी गर्दी करतात त्याचं कौतुक. मास्तर मला म्हणाले, "मॅडम, ही बाई मोरी गावातली आहे म्हणे. तुमच्याच गावची ना? ओळखता का?"

मी म्हटलं, "हो, बघितलंय."

मुख्याध्यापिका आहे मी त्या शाळेची. स्वतःच्या आईला "बघितलंय" म्हणाले. ही वेळ तू माझ्यावर आणलीस.

रविवारी आई पांढरा ब्लाउज घालून चर्चमध्ये शिरते तेव्हा बायका सरकून तिला पुढची जागा देतात. ती आई तुला दिसली नाही. मी बांधून दिलेल्या घराच्या ओसरीत खुर्ची टाकून बसलेली आई दिसली नाही. तुला दिसले ते पडलेले दात. माणसाच्या घरात सून म्हणून शिरायचं आणि घरातली उणीदुणी चव्हाट्यावर टांगायची, याला कला म्हणत असतील तर तुझी कला तुला लखलाभ.

चित्र उतरव. या आठवड्यात.

डॉर्कस

◆

डान्सोमान, अक्रा
१९ फेब्रुवारी २०१७

सिस्टर डॉर्कस,

पत्र पोचलं. ड्रायव्हरने देताना विचारलं, "घरात कोणी गेलं का हो?" पाकिटावर तुम्ही माझं नाव इतकं दाबून लिहिलंय की मागच्या बाजूने बोटांना लागतं.

चित्र उतरणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, मी म्हातारीला फसवून तसं बसवलं. मी तिला म्हटलं होतं, "मामे, चांगलं कापड नेसा." तर ती मलाच बोलली, "चांगलं कापड नेसून तारल्या भाजायला बसते का कोणी? बायका हसतील मला. तुझ्या चित्रातल्या माशांना तरी खरं वाटलं पाहिजे." तुमची आई आहे, तिला फसवणारं माणूस अजून जन्माला यायचंय, हे तुम्हाला मी सांगायला हवं?

आणि मी काही काल लग्न करून तिच्या घरात शिरलेली नाही. आमच्या आणि तिच्या अंगणाच्या मध्ये फक्त एक बांबूचं कुंपण होतं. माझे वडील किनाऱ्यावर होड्या रंगवायचे. बाईचा हात लागला तर मासे रुसतात, म्हणून मला होडीच्या आतल्या बाजूला फक्त अस्तर मारू द्यायचे, तेही कोळी जेवायला गेले की. एकदा तुमच्या क्वामेना मामांनी मला बाहेरच्या बाजूला मासा काढताना पकडलं आणि वडिलांना सगळ्यांदेखत बोलले. त्या दिवशी मी मामेच्या भट्टीमागे जाऊन लपले. तिने विचारलं नाही काय झालं. कोळशाचा तुकडा दिला आणि म्हणाली, "भिंत माझी आहे. काढ." माझं पहिलं चित्र तिच्या भट्टीच्या भिंतीवर आहे. धुराने केव्हाच गिळलं, पण आहे.

कुमासीच्या कॉलेजात प्राध्यापक सांगायचे, "चित्रात आफ्रिका दिसू दे." मी विचारलं, "ही बाई कुठे राहते? मी तिला कधी भेटले नाही. मी मामेला ओळखते." वर्ग हसला. मला त्या वर्षी कमी गुण मिळाले. पुढे एवढी वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, सुट्ट्यांत बाजारातल्या बायका रंगवल्या, आणि ही पहिली गॅलरी जिने मला अख्खी भिंत दिली. पिठाची पोती उसवून, शिवून मी चित्राचं ते कापड तयार केलं. त्यातला काळा रंग दुकानातला नाही. मामेच्या भट्टीची काजळी खरवडून मी तेलात घोटलीय.

तुमची बोर्डिंगची पेटी, तुमचे बूट, तुमचं इंग्रजी, सगळं त्याच धुरातून आलं. धूर दिसला की तुम्हाला लाज वाटते. मला नाही वाटत.

अराबा

◆

केप कोस्ट
३ मार्च २०१७

अराबा,

लाज! तू मला लाज शिकवतेस!

मी हे लिहिणार नव्हते. आईने कोणाला सांगायचं नाही म्हणून बायबलवर हात ठेवायला लावला होता. पण तुझं पत्र वाचल्यावर देवाला माझं मी काय ते सांगेन.

आईचा उजवा डोळा गेलाय. अधू नव्हे, गेला. डाव्याने तिला माणसाची सावली कळते, तोंड कळत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, या बाईला धुरापासून लांब ठेवा, नाहीतर हाही जाईल. म्हणून मी ते घर बांधलं. म्हणून ओसरीत खुर्ची टाकली. मी भट्टी फोडायला गवंडी आणला तर तिने त्याला जळतं लाकूड घेऊन पळवलं. मी सरपण बंद केलं तर शेजारणीकडून उसनं आणून पेटवलं. मी रडले, भांडले, पाद्रीबाबांना घेऊन गेले. ती त्यांना म्हणाली, "पाद्रीबाबा, तुम्ही आठवड्यात एक दिवस काम करता, मला काय सांगता?"

इतकी वर्षं मी तिला त्या स्टुलावरून उठवायला झगडतेय. आणि तू काय केलंस? तिला कायमची तिथे बसवलीस. वर लोकांना दाखवलंस, बघा कशी शोभते.

तुझ्या चित्रात डोळ्यांतून पाणी गळतंय ते तुला काय वाटलं, हसून हसून आलंय? तू चित्रकार. तुला डोळे बघायचं शिकवलं नाही का कोणी? आई सांगत होती, ती उठायला लागली की तू म्हणायचीस, "अजून थोडं बसा मामे, उजेड छान पडलाय." असं म्हणालीस की नाही?

काल मी क्वामेना मामांना सगळं सांगितलं. आमच्या कुळात शेवटचा शब्द मामांचा असतो, तुला ठाऊक आहे.

डॉर्कस

◆

डान्सोमान, अक्रा
९ एप्रिल २०१७

सिस्टर डॉर्कस,

तुमच्या मागच्या पत्राला मी उत्तर लिहायला घेतलं होतं. डोळ्याचं मला ठाऊक नव्हतं. "अजून थोडं बसा" असं मी म्हणाले होते. एकदा नव्हे, पुष्कळदा. ते सगळं लिहीत होते. तीन-चार दिवस तेच एक पत्र घेऊन बसत होते.

आता ते फाडून टाकलंय.

प्रदर्शन संपलं, चित्र घरी आलं. पाठोपाठ मी परीक्षेच्या कामासाठी कुमासीला गेले आणि क्वामेना मामांनी एबोला फोन केला, "घराण्याच्या बाईचं चित्र घराण्याला बघायचंय. घेऊन ये." आणि तुमचा भाऊ, चाळिशी उलटलेला घोडा, मामांना नाही म्हणता येत नाही म्हणून भाड्याची पिकअप करून माझं चित्र मोरीला टाकून आला. मला विचारलं नाही. सांगितलंसुद्धा नाही. तो आता पुढच्या खोलीत सोफ्यावर झोपतो.

शुक्रवारी मी चित्र न्यायला मोरीला आले. तुम्ही शाळेत होतात. तुमच्या ओसरीत उभं करून ठेवलं होतं.

ब्लाउज!

पांढरा, गळ्यापर्यंत बंद, सहा बटणांचा. वर सोनेरी काड्यांचा चष्मा. कानात डूल. दातसुद्धा भरून काढलेत, एकही फट ठेवली नाही! काम कोणाचं ते विचारावं लागलं नाही. मोरीत सगळ्या न्हाव्यांच्या दुकानावरच्या पाट्यांवर ज्याने काढलेले साहेब त्याच चष्म्यातून बघतात, तो जोजो. त्याला हाक मारून विचारलं तर तो गरीब म्हणतो, "सिस्टर, मॅडम म्हणाल्या, जरा सभ्य कर."

चित्राचं कापड शिवायला मला किती दिवस लागले असतील याचा हिशोब सांगत नाही, तुम्हाला त्याची किंमत कळायची नाही. पण त्या दंडाचं सांगते. मामेचा उजवा दंड. तापलेल्या जाळ्या उचलून उचलून झालेला, खांद्यापासून कोपरापर्यंत भाजल्याच्या खुणा असलेला. तो दंड मला चार वेळा जमला नाही. पाचव्यांदा जमला. आयुष्यात मला जर काही जमलं असेल तर तो दंड. त्याच्यावर जोजोने बाही चढवलीय, इस्त्रीची घडी दाखवून.

तुम्हाला धुराचा राग होता, तर भट्टी होती. माझा राग होता, तर मी होते. माझ्या कामावर हात का टाकलात? उद्या मी तुमच्या शाळेत येऊन तुमच्या मुलींच्या उत्तरपत्रिका सभ्य करून गेले तर चालेल?

मी ते चित्र घरी आणलं नाही. त्याच्याकडे बघवेना. ठेवा तुमच्या ओसरीत, पुढची जागा द्या त्याला.

अराबा

◆

केप कोस्ट
१७ एप्रिल २०१७

अराबा,

जोजोला मी बोलावलं, हो. परत तशी वेळ आली तर परत बोलावीन, असं तुझं पत्र वाचून लिहिणार होते. पण पुढे जे घडलं ते आधी सांगते. त्यात माझी बाजू वर येत नाही आणि तुझीही नाही.

तू येऊन गेल्याचं आईला शेजारणीने सांगितलं. शनिवारी मी मोरीला गेले तर आई चित्रासमोर जमिनीवर बसून हाताने चाचपत होती. मला पावलांवरून ओळखलं. म्हणाली, "डॉर्कस, इथे काय जाड लागतंय?"

"ब्लाउज आहे, आई."

"कोणाचा?"

"तुझाच. चर्चचा."

"मी अराबापुढे ब्लाउज घालून बसले नव्हते." मग हात आणखी वर नेला. "आणि माझा दंड कुठंय?"

मी म्हटलं, "बाहीच्या आत आहे."

एवढ्यावर ती उठून आत गेली. मला वाटलं, पाणी प्यायला गेली. ती आली ती रॉकेलचा डबा आणि फडकं घेऊन. मी डबा धरायला गेले तर मला म्हणाली, "बाजूला हो, नाहीतर तुझा ब्लाउज पुसते." जोजोचा रंग अजून पुरता वाळला नव्हता. आईने घासायला सुरुवात केली. दिसत नाही, पण जोर आहे. बाही निघाली, बटणं निघाली, आणि मग खालचं निघायला लागलं. मी ओरडले, "आई, पुरे, आता खालचं निघतंय!" ती म्हणाली, "निघू दे, दंडच आहे तो, मला माहीत आहे."

दंड गेला, अराबा. तुझा आणि जोजोचा, दोन्हीचा मिळून एक तपकिरी फराटा झालाय. चष्मा अर्धा उरलाय. तोंड तसंच आहे, जोजोच्या दातांसकट. हसणंही.

मी तिला सांगितलं, काय झालंय ते. ती अशी काही चिडली की काय सांगू. आता ती माझ्याशेजारी बसलीय आणि म्हणते, मी सांगते तसंच्या तसं लिही, एक अक्षर सभ्य करू नकोस. तर लिहिते:

"अराबा, तू आणि ही, दोघी माझ्या तोंडावरून भांडताय, जणू मी मेलेय आणि तुम्ही शवपेटीचा रंग ठरवताय. एक म्हणते आईला बसवलं, दुसरी म्हणते आईला झाकलं. आईला विचारलं कोणी? मला धुराने डोळे जातात हे कळत नव्हतं का? डॉक्टर जन्मायच्या आधीपासून मला कळतंय. माझी आईही आंधळी होऊन गेली. पण भट्टी आहे तोवर सकाळी माझ्या दारात बायका येतात, भाव विचारतात, भांडतात. ओसरीतल्या खुर्चीवर बसले की कोण येतं? पाद्रीबाबा. दंड मी पुसला. तुमच्या दोघींवरच्या रागाने पुसला. आता त्याच्यावर परत कोणी दंड काढायचा नाही. चित्र आहे तसं अक्राला टांगायचं. कोणी विचारलं कोणी बिघडवलं, तर सांगायचं, जिचं आहे तिनेच."

संपलं. ती म्हणते, वाचून दाखव. दाखवलं. म्हणते, 'पाद्रीबाबा'च्या पुढे आणखी काहीतरी होतं. ते मी लिहिलेलं नाही.

डॉर्कस

◆

डान्सोमान, अक्रा
२ मे २०१७

सिस्टर डॉर्कस,

एबो येऊन चित्र घेऊन जाईल. या वेळी माझ्या सांगण्यावरून.

गॅलरीच्या नॉर्टे साहेबांना मी सगळं सांगितलं. ते खूश झाले. खूश! म्हणाले, "आता तर याला गोष्ट आली." मी त्यांना म्हटलं, गोष्ट होती ती पुसली गेलीय. ऑगस्टमध्ये चौघांचं मिळून प्रदर्शन आहे, त्यात लावतील.

मामेचा शब्द आहे म्हणून लावायला देते आहे. मी तिथे पाऊल ठेवणार नाही. त्या फराट्यासमोर उभं राहून लोकांशी हसून बोलायला मला जमणार नाही. तुम्हाला मामेला न्यायचं असेल तर न्या.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. मामेवरचाही नाही.

अराबा

◆

केप कोस्ट
२१ ऑगस्ट २०१७

अराबा,

गेलो होतो आम्ही. तू आली नाहीस ते बरं केलंस, नाहीतर तिथे तिघी भांडलो असतो.

आई पांढरा ब्लाउज घालून आली होती. मी सांगितलं नव्हतं. आल्या आल्या नॉर्टे साहेबांना म्हणाली, "तुमच्याकडे पंखा आहे पण वारा नाही." मी तिला चित्रापुढे खुर्ची दिली. खरं सांगते, मला ते चित्र अजूनही आवडत नाही. लांबून बघितलं तरी माझा घसा धुराने भरतो. कदाचित तुझं तेच म्हणणं असेल, मला त्यातलं कळत नाही.

मग एक गृहस्थ आले. उंची कपडे, बरोबर बायको. समुद्रकिनाऱ्यावर त्यांचं हॉटेल आहे म्हणे. चित्राकडे बघून बायकोला म्हणाले, "बिचारी म्हातारी. बघ, किती हाल. जेवणाच्या हॉलमध्ये छान दिसेल, नाही? मासळीच्या बाजूला."

आई म्हणाली, "कोण बिचारी?"

त्यांना वाटलं, कोणी पाहुणी बाई आहे. समजावून सांगायला लागले, "मावशी, ही चित्रातली बाई..."

आणि अराबा, मला काय झालं कळलं नाही. फेब्रुवारीत मास्तरांपुढे जे माझ्या तोंडातून निघालं नव्हतं ते त्या भरल्या हॉलमध्ये निघालं. मी म्हटलं, "ही माझी आई आहे. हिच्या भट्टीतली तारली खाऊन निम्मं केप कोस्ट मोठं झालंय. मी पण. हिच्याकडे बघून तुम्हाला जेवण जाणार असेल तर तुमच्या स्वयंपाक्याला बदला. बिचारी म्हणायचं असेल तर बाहेर जाऊन म्हणा." शाळेच्या प्रार्थनेत मुलींना दटावते तसा माझा आवाज होता. सगळा हॉल वळून बघायला लागला. नॉर्टे साहेब धावत आले, "मॅडम, मॅडम, हे गिऱ्हाईक आहेत!" मी चित्राखालची किमतीची पाटी काढली, तिचे तुकडे केले आणि पर्समध्ये टाकले.

ते चित्र विकलं गेलं असतं. तुझे त्या पैशांवर काय काय बेत असतील मला ठाऊक नाही. रागाव. पण तुकडे परत मागू नकोस.

आई परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाली, "तुझा आवाज आज बरा लागला." तिच्याकडून एवढंच ऐकायला मला पन्नाशी गाठावी लागली.

पण आता मुद्द्याची गोष्ट. तुझ्या पत्रांत तू मला पुष्कळ शिकवलंस, धूर काय, लाज काय. आई म्हणते आहे, अक्रा तिला आवडलं. चित्र तुझ्या घरी येणार, तर तीही तुझ्याकडे राहायला येणार. रविवारच्या गाडीने येतेय. मी अडवलं नाही. डाव्या डोळ्याचं औषध पिशवीत वरच ठेवलंय. तिला धुरापासून लांब ठेवायचं. मी वीस वर्षं करतेय, तू महिनाभर करून दाखव.

डॉर्कस

◆

डान्सोमान, अक्रा
१७ सप्टेंबर २०१७

सिस्टर डॉर्कस,

मामे पोचली, औषध पोचलं. औषध ती घेत नाही. जिभेखाली धरल्यासारखं करून कुंडीत थुंकते असा माझा संशय होता, पण ते थेंब डोळ्यांत घालायचे आहेत हे बाटली वाचल्यावर कळलं. ती ते पीत होती. तुम्ही सांगितलं होतंत की नाही?

पाटीचं नंतर बोलू. त्याचा राग मी वेगळा काढून ठेवलाय. आत्ता दुसराच मोठा आहे.

चित्र पुढच्या खोलीत टांगलंय. आल्या दिवशी एबोने मामेला हाताला धरून तिथे नेलं. तिने हात लावला नाही. म्हणाली, "ती मला माहीत आहे. अंगण कुठंय?"

अंगणात तिने वीट मागवली. मी मागवली नाही, तुमच्या भावाने मागवली, आता तो सोफ्यावरही झोपत नाही, मावसभावाकडे गेलाय. मी शाळेत असताना गल्लीतल्या दोन बायकांना हाताशी धरून तिने भट्टी उभी केली. तारल्यांचा हंगाम आहे, चुकवायचा कसा? घरमालक येऊन ओरडून गेला. त्याला तिने गरम तारली खायला घातली, तो आता रोज येतो.

मी समजावलं. मग ओरडले. काल सकाळी तर असं ओरडले की कुंपणावरून शेजारी डोकावले. "कोणासाठी करताय हे? आम्ही जेवायला घालत नाही का तुम्हाला? लोक काय म्हणतील?" आणि बोलता बोलता मला ऐकू आलं, सिस्टर, मी काय बोलतेय ते. सगळे शब्द तुमचे होते. एकही माझा नव्हता.

आज रविवार. उठले तर अंगण धुराने भरलेलं. ती स्टुलावर बसली होती, उघड्या खांद्यांनी, जाळी उचलत, पाणावल्या डोळ्यांनी हसत, गल्लीतल्या बायकांशी तारल्यांच्या भावावरून भांडत. सकाळचं ऊन तिच्या उजव्या दंडावर पडलं होतं, कोपरापर्यंत. तसं ऊन मला ते चित्र काढताना अख्ख्या महिनाभरात मिळालं नव्हतं. रंगांची पेटी दाराशीच होती.

मी जाऊन तोच दंड धरला आणि तिला ओढून उठवायला लागले.

तिने मला थोबाडीत मारली. दिसत नाही म्हणता तुम्ही. बरोबर गालावर बसली.

अराबा